पेरूला जाम

कुडवा, गोंदिया
१२ ऑगस्ट २०२५

दुर्गेश्वरी,

आशीर्वाद. राग आपल्या जागी, आशीर्वाद आपल्या जागी. घेऊन ठेव.

फोनच करणार होतो, पण माझा नंबर तू उचलत नाहीस. संध्याकाळी तुझ्या मायच्या मोबाईलवर तू रिंकीशी बोलतेस, तेव्हा मी मुद्दाम मागून एकदा इकडून तिकडे जातो. मी दिसलो की तुला लगेच ड्यूटी आठवते. हैदराबादच्या दवाखान्यात नर्सांना इतकं काम असतं हे मला आधी ठाऊक नव्हतं. म्हणून पोस्टाने लिहितो आहे. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच.

जूनमध्ये तू एका दिवसासाठी आलीस, चाचणीच्या कागदावर सही केलीस, "माझी पोरगी काय उंदीर हाय का, बाबूजी?" असं विचारलंस आणि न जेवता गाडी पकडलीस. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. रिंकी उंदीर नाही. तिला ऐकू यावं म्हणून चौथ्या वर्षी डोक्यात जे बसवलं ते तसंच राहणार, त्याला कोणी हात लावत नाही. बदलतं ते फक्त बाहेरचं यंत्र, आवाज पकडून आत धाडणारं. जुनं कानामागे अडकवायचं, त्याला तार, तारेला डोक्यावर चिकटणारी चकती. नवं म्हणजे नुसती चकतीच, केसांत लपून जाते. लहान पोरांना जुन्यापेक्षा नव्याने बरं ऐकू येतं का, एवढंच कंपनीला बघायचं आहे. नव्याने बरं ऐकू आलं तर ते रिंकीकडेच राहील. नाही आलं तर ते परत जाईल आणि आपण जुन्यावर भागवायचं. जुन्याचे सुटे भाग पुढच्या वर्षापासून मिळणार नाहीत, हे तुलाही सांगितलेलं आहे. एक दिवस तार तुटेल आणि पोरगी पुन्हा बहिरी होईल. तुला न विचारता तिचं नाव दिलं ते याच भीतीने दिलं.

काल इथल्या श्रवण केंद्रात जुन्या यंत्रावरची परीक्षा झाली. एक बंद खोली आहे, भिंतींना स्पंज लावलेला. आत रिंकी एकटी, समोर स्पीकर. स्पीकरमधून शब्द येतो, जो ऐकला तोच तिने परत म्हणायचा. बाहेर परीक्षा घेणाऱ्या मॅडम बसतात, मूळच्या कटकच्या, मराठी त्यांना "चला" आणि "पाणी" एवढीच येते. त्यांच्या कानावर फक्त पोरीचा आवाज येतो आणि तो रेकॉर्ड होऊन बंगळुरूला जातो. गुण तिथले लोक देतात. पोरीने कोणतं यंत्र लावलं आहे हे त्यांना सांगतही नाहीत, म्हणजे कोणाची बाजू घेणं नको. ही पद्धत मला आवडली. बोर्डाच्या पेपरावरही आपण नाव झाकतोच की.

मॅडमने बजावलं, "घर पे प्रॅक्टिस मत कराइए, सर." मी हो म्हणालो. ओसरीवरचा माझा आणि रिंकीचा रोजचा सराव ही काही परीक्षेची तयारी नाही, तो कित्येक महिन्यांपासून चालू आहे. तोंडासमोर तोंड, मी शब्द म्हणायचा, तिने तो म्हणायचा. तो बंद करायचं मला कारण दिसलं नाही, आणि मॅडमला सांगायचंही दिसलं नाही.

परीक्षा झाल्यावर नवं यंत्र लावून दिलं. रिंकी दचकली, माझा शर्ट धरला आणि वर बघून म्हणाली, "आबाजी, पंखा बोलून राहिला."

पंख्याचा आवाज होत होता खरा. पण तो मला तिने सांगेपर्यंत ऐकू आला नव्हता.

बाबूजी


कुडवा
२९ ऑगस्ट २०२५

दुर्गेश्वरी,

पत्र पोहोचलं असेल. उत्तर आलं नाही, म्हणजे वाचलं असशील.

मला काही कळेनासं झालं आहे. मोबाईलवर तुला पोरगी हसताना दिसते, तेवढंच दिसतं. जुन्या यंत्रावर ती शांत होती. माझ्या तोंडाकडे बघायची, मी म्हणेन तसं म्हणायची. आता भलतीकडेच वळून बघते. राईस मिल सुरू झाली की कपाळ चोळते. मी बोलत असताना हात वर करून मलाच थांबवते आणि छपराकडे बघते. वर काय आहे म्हणून बघावं तर खार. यंत्र गोंगाट आपोआप कमी करतं, असं सांगतात. गोंगाट कोणता आणि बोलणं कोणतं हे त्याने कसं ठरवायचं? तुझी माय दिवसभर बोलते, ते कशात धरतं हे मी मॅडमला विचारणार होतो, पण तुझी माय सोबतच बसली होती.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं मारबतीचा पुतळा घेऊन ओरडत गावाबाहेर गेली, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" दरवर्षी रिंकी त्यांच्या तोंडाकडे नुसती बघत राहायची. यंदा ऐकून आली, पण ऐकलेलं तिच्यातून बाहेर जाईना. दुपारी शेजारचे केशोराव जेवायला होते. त्यांनी पहिला घास उचलला आणि ही समोर उभी राहून खणखणीत आवाजात, "घेऊन जाय गे मारबत!" केशोरावांनी घास ताटात ठेवला. मी रागावलो तर आणखी जोरात ओरडली. आवाज यंत्रात अडकून राहतो की काय, अशी मला शंका आली. मॅडमना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ऐसा नहीं होता, सर." केशोराव तेव्हापासून ओसरीवर येतात, जेवायला थांबत नाहीत.

आणि तुझी माय. तिची तक्रार करण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. मी ओसरीवर रिंकीला समोर घेऊन बसतो. चित्रावर बोट ठेवतो आणि स्पष्ट म्हणतो, "पेरू." तेवढ्यात स्वयंपाकघरातून, पाठमोरी, पोळ्या लाटता लाटता तुझी माय म्हणते, "पेरू कोन म्हणते जी आपल्या इथं? जाम म्हण बेटा, जाम."

"जाम," पोरगी म्हणते.

मी "पिशवी" म्हटलं की तिकडून "थैली". मी "बटाटा" म्हटलं की "आलू". मी चिडलो की दोघी हसतात. म्हटलं, "तुला शिकवायचं नसेल तर निदान गप्प बस." तर म्हणते, "तुमी तिले बुकातलं शिकवून राहिले, मी घरचं शिकवून राहिली. कायले भांडता जी?"

आता तर तिने सांगायचीही गरज उरलेली नाही. मी शब्द टाकला की पोरगी आपल्या मनानेच घरचा शब्द परत करते आणि टाळी मागते. तिला वाटतं हा खेळच असा आहे. घरात पोवारी, आजीची झाडीबोली, बाजारात हिंदी आणि माझी मराठी, एवढं सगळं त्या एका चकतीतून आत जाणार. उभी नोकरी मी इटियाडोहच्या शाळेपासून इथपर्यंत पोरांचं "कायले" सोडवून त्यांना "कशाला" म्हणायला लावण्यात घालवली. आणि निवृत्तीनंतर माझ्याच ओसरीवर हा प्रकार. तू लहान असताना तुझ्या मायने असंच केलं होतं, म्हणून तू अजून "हाय का" विचारतेस.

नव्या यंत्रावरची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तुझ्या मनात काय आहे ते एका ओळीत तरी कळव.

बाबूजी


कुडवा
२२ सप्टेंबर २०२५

दुर्गेश्वरी,

गुण पडले. पडले म्हणजे खरोखरच पडले. जुन्या यंत्रावर जेवढे शब्द बरोबर आले होते, त्याच्या निम्मेही नव्यावर आले नाहीत.

मॅडमने कागद दोनदा वाचला, उलटा करून मागेही बघितलं. म्हणाल्या, "समझ में नहीं आ रहा, सर. अंदर तो बच्ची फटाफट बोल रही थी. एक भी शब्द पे रुकी नहीं." मी म्हटलं, फटाफट बोलणारी पोरंच नापास होतात, माझा अनुभव आहे. पण मनातून मी हादरलो होतो. परीक्षा देऊन निघताना रिंकी इतकी खुशीत होती की स्कूटीवर घरापर्यंत गाणं म्हणत आली.

मी आता काय मानावं? घरी बघितलं तर ही परसात असते आणि तुझी माय पुढच्या दारातून हाक मारते, तरी पोरगी धावत येते. कागदावर बघितलं तर तिला धड शब्द ओळखता येत नाहीत. दोन्हीपैकी एक खोटं असलंच पाहिजे. घरातलं प्रेमाने बघितलेलं असतं, त्यात आपण हवं ते बघतो. मी जन्मभर कागदावर विश्वास ठेवत आलो आहे. तुझी माय म्हणते, "पोरगी मले पाठीमांगून आयकते. तुमचे नंबर मले समजत नाही." तिच्याशी वाद घातला, पण घालताना माझाच जोर नव्हता.

परवा मी एक केलं, ते करायला नको होतं. नवं काढून जुनं लावून दिलं. म्हटलं, बघू तरी. थोड्या वेळाने बघतो तर जुनं यंत्र दप्तरात ठेवलेलं आणि पोरगी काहीच न लावता पायरीवर बसलेली, एकटी. मी समोर जाऊन बसलो तर तिने डोळे मिटून घेतले. तोंडाकडे बघणंही नको. याचा अर्थ काय लावायचा? मी उठून नवं आणून दिलं तेव्हा तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं, जवळजवळ ओरबाडलंच. जे यंत्र तिला नीट ऐकवत नाही तेच तिला हवं आहे, आणि मला यातलं काहीही उलगडत नाही.

तरी निर्णय घ्यायला हवा. तू म्हणत होतीस तेच बरोबर निघालं असं धर. तू आई आहेस, नाव काढून घ्यायचा अर्ज तुझ्याच सहीचा लागतो. पाठव. नवं यंत्र परत करू आणि जुन्याची तार जिवापाड जपू. हे लिहिताना मला आनंद होत नाही आहे, हे तुला अक्षरावरून कळेल.

बाबूजी


कुडवा
८ ऑक्टोबर २०२५

दुर्गेश्वरी,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून ते झटकून बघितलं. नुसता अर्ज होता, तुझ्या सहीचा. बरं. मी मागितला तेवढाच पाठवलास.

काल तो खिशात घातला, रिंकीला स्कूटीवर पुढे उभं केलं आणि केंद्रात गेलो. मॅडमने अर्ज वाचला. म्हणाल्या, घ्यावाच लागेल, तुमचा हक्क आहे. पण त्यांनाही चैन पडलेलं नव्हतं. त्यांनी बंगळुरूहून रिंकीचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं होतं, शब्द आणि तिचं उत्तर दोन्ही एकत्र ऐकू येतील असं. "आप मराठी के टीचर थे ना? ज़रा सुनके बताइए, बच्ची क्या बोल रही है?"

मी हेडफोन लावला. आधी बाजाराचा गलका, तो मुद्दाम घातलेला असतो. त्यातून एका बाईचा आवाज, पुण्याकडचा, धुतल्यासारखा स्वच्छ.

"पेरू."

आणि आपली रिंकी, क्षणाचाही वेळ न घेता, "जाम."

"पिशवी." "थैली."

"बटाटा." "आलू."

"साखर." "शक्कर."

"मुलगा." "पोट्टा."

"कशाला." इथे ती आधी खुदकन हसली आणि मग म्हणाली, "कायले."

मी हेडफोन काढला. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही झालं. मॅडम घाबरल्या, पाणी मागवलं, रिंकीने माझे डोळे पुसले आणि मॅडमला विचारलं, "आबाजीले काऊन रडवून राहिले?"

दुर्गे, तिने सगळं ऐकलं होतं. बंगळुरूच्या माणसासमोर यादीत पेरू लिहिलेला, पोरगी म्हणते जाम, त्याने चूक दिली. त्याचंही काही चुकलं नाही, ऐकलं तेच परत म्हण असा नियम होता. पण पेरू ऐकू आल्याशिवाय जाम येणार कुठून? बाजाराच्या गलक्यातून तिने पेरू ऐकला, तो ओळखला आणि घरच्या नावाने परत केला. जुन्या यंत्रावर ती "पेरू" म्हणायची ती मी घोटून घेतलं होतं म्हणून. पेरू खायचा असतो हे तेव्हा तिच्या लक्षात आलेलं होतं का, याची आता मला खात्री नाही. आणि हा खेळ जुन्या यंत्रावर सुरू झालाच नसता. तुझी माय पाठमोरी बोलत होती आणि पोरगी तिच्याकडे न बघता ऐकत होती. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि तुला तक्रार म्हणून लिहून पाठवलं.

मॅडमना एकेक शब्द समजावून सांगितला. ओसरीवरच्या सरावाचंही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, पण पेनाचं टोपण बराच वेळ काढत-लावत बसल्या. मग बंगळुरूला फोन झाला. तिथून उत्तर आलं की दिलेले गुण बदलणार नाहीत, पण पोरीला नियमच वेगळा कळला होता, तर एकदा पुन्हा परीक्षा घ्या. तारीख अठ्ठावीस ऑक्टोबर. तिला फक्त एवढं समजावायचं की ऐकलं तेच म्हण. शब्द घोटून घ्यायचे नाहीत, या वेळी खरंच घ्यायचे नाहीत. मी विचारलं, म्हणजे यंत्र चांगलं आहे ना? मॅडम म्हणाल्या, "एक बच्ची से नहीं कह सकते, सर." म्हणजे मी पुन्हा होतो तिथेच.

अर्ज त्यांनी परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, मुलीच्या आईला विचारून घ्या. तो माझ्या खिशात आहे. द्यायचा की फाडायचा ते तू सांग.

आणखी एक आहे. यादीतल्या एका शब्दावर रिंकी जे म्हणाली ते मी मॅडमना समजावलं नाही. "ये मुझे भी नहीं समझा" असं म्हटलं. तुझ्या मायलाही सांगितलं नाही. तो शब्द इथेही लिहीत नाही. यंत्राचा त्याच्याशी काही संबंध नाही.

बाबूजी


कुडवा
१७ ऑक्टोबर २०२५

दुर्गेश्वरी,

तुझं कार्ड मिळालं. "कोणता शब्द?" चार महिन्यांत तुझ्याकडून एवढे दोन शब्द आले आणि तेही नेमके तेच. लिहायचा नव्हता तर मी त्याचा उल्लेख तरी का केला, असं तुझं कार्ड वाचून तुझी माय विचारते. शब्द तिला मी अजून सांगितलेला नाही, पण तिने ओळखलं आहे की काहीतरी आहे. ती सध्या माझ्याशी फार गोड बोलते.

लिहितो. शब्द होता "आई".

तोवर मला पोरीचा खेळ कळला होता. पुढचं उत्तर मी तिच्या आधीच मनात म्हणत होतो आणि ते बरोबर निघालं की मला आनंद होत होता. साखर म्हटलं की शक्कर, मुलगा म्हटलं की पोट्टा. "आई" आलं तेव्हा मी मनात म्हणालो, आता "मम्मी". नाहीतर तू तुझ्या आईला म्हणतेस ते ऐकून "माय".

ती म्हणाली, "मोबाईल."

मी ते परत लावायला सांगितलं. परत तेच. अडखळली नाही, आवाज रडवेला नव्हता, चेष्टेचाही नव्हता. जाम जितक्या सरळपणे म्हणाली तितक्याच सरळपणे म्हणाली. आमच्या घरात याला असं म्हणतात, एवढंच.

बंगळुरूने त्याला चूक दिली आहे. पेपर माझ्याकडे आला असता तर मी काय दिलं असतं, याचा मी रोज विचार करतो. चूक देता येत नाही. बरोबर माझ्या हातून लिहवत नाही.

तुझ्यावर ठपका ठेवायला हे लिहिलं असं समजू नकोस. रिंकीच्या बापाने हात झटकले, तेव्हा तू ती नोकरी धरलीस. हॉस्टेलच्या एका खाटेवर राहून रात्रपाळ्या करणाऱ्या बाईने बहिरी पोरगी कुठे ठेवायची, हा प्रश्न तेव्हा माझ्याकडेही होता आणि त्याचं उत्तर मीच दिलं होतं, आमच्याकडे ठेव म्हणून. तेव्हा ते बरोबर होतं. आताही कदाचित बरोबरच असेल. मला खरंच कळत नाही. मला फार वाईट वाटलं, एवढं मात्र कळतं. पोरीपेक्षा तुझ्यासाठी जास्त, कारण पोरीला यात वावगं काहीच वाटत नाही.

आता अडचण सांगतो. दोन दिवसांपासून मी रिंकीला नवा नियम समजावतो आहे. यादीतले शब्द टाळूनच समजावतो, मॅडमना शब्द दिला आहे. "भोपळा" म्हटलं आणि थांबलो. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आबाजी, तुमचा खेळ का आजीचा?" मी म्हटलं, माझा. तर म्हणाली "भोपळा". मग मी म्हटलं, आजीचा. तर "कोहळं". एका बैठकीत तिला कळलं. मी शिकवलेल्या पोरांत इतकी हुशार पोरं थोडी होती, आणि ही तर माझी नात आहे, म्हणून मी हे जपून लिहितो.

म्हणजे अठ्ठावीसला काय होईल ते मला आजच दिसतं आहे. आबाजीचा खेळ, असं मी तिला सांगून आत पाठवीन. स्पीकर म्हणेल "आई". ती म्हणेल "आई". बंगळुरूत बरोबरची खूण होईल, गुण वाढेल, यंत्र बहुधा आपल्याकडे राहील. मला हे सगळं हवं आहे. महिनोन्महिने यासाठीच मी तुझा राग सोसतो आहे. आणि तरी तो एक गुण मला नको आहे. ती ऐकलेला शब्द बरोबर म्हणेल आणि तिच्या मनात तो शब्द कशाचा असेल ते मला ठाऊक असेल. एवढ्या पोरांना मी घोकून पाठ करायला लावलं, माझं कधी काही बिघडलं नाही. या एका शब्दाला मात्र जीव धजत नाही.

काल तुझ्या मायने दिवाळीचा फराळ करायला घेतला, म्हणून मी तिला विचारून बघितलं, दुर्गेश्वरीला बोलावू का? ती म्हणाली, "तुमी बोलवान तं ते येईन का जी?" मी म्हटलं, बोलावून बघतो.

तर बोलावतो आहे. अठ्ठावीसच्या आधी ये. रजा चार दिवसांची मिळाली तरी पुरे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझी काही तक्रार नाही. स्टेशनवर मी स्कूटी घेऊन येईन, मागे बस, गप्प राहा. तुझा अर्ज तुझ्या हातात देईन, तो केंद्रात द्यायचा की फाडायचा ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही. तुझ्या मायलाही पडू देणार नाही, तेवढं माझ्याकडून होईल तितकं.

घरी आलीस की रिंकीला समोर बसव. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. आणि तिला विचार, मी कोण?

ती काय म्हणेल ते मला सांगता येत नाही. त्या वेळी मी केशोरावांकडे जाऊन बसेन. ते उत्तर तूच तपास.

बाबूजी